एअर रायफल घरी हाताळताना: सिलिंडर, छर्रे आणि बॅरल – कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चांगला जमलेला ग्रुप (टार्गेटवर जवळजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका) अचानक पसरायला लागला की बहुतेक नेमबाज आधी साइटचे स्क्रू फिरवतात, मग ट्रिगरला हात घालतात आणि शेवटी रायफलच बिघडली असं ठरवून मोकळे होतात. दोष बहुधा वेगळ्याच ठिकाणी असतो: सिलिंडरमधली हवा कमी झालेली असते, छऱ्यांची बॅच बदललेली असते किंवा बॅरल (नळी) चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीनं साफ केलेली असते. ही तिन्ही कामं घरी करता येतात, पण ती एका ठरावीक क्रमानंच करावी लागतात. क्रम चुकला तर कधी ग्रुप बिघडतो, कधी अपघात होतो.

पुढची सगळी माहिती ४.५ मिमीच्या, भरलेल्या हवेवर चालणाऱ्या १० मीटर स्पर्धेच्या रायफलींसाठी आहे. स्प्रिंगच्या रायफलीत काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या त्या-त्या जागी सांगितल्या आहेत. तुमच्या रायफलीची पुस्तिका आणि हा लेख यांत कुठे फरक दिसला तर पुस्तिकेचं ऐका.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- सेफ्टी फ्लॅग: बॅरलच्या पूर्ण लांबीतून जाणारी ठळक रंगाची दोरी
- सुरक्षा चष्मा, तुमच्यासाठी आणि खोलीत असलेल्या प्रत्येकासाठी
- ४.५ मिमीच्या फेल्टच्या गोळ्या आणि प्लास्टिकचं आवरण असलेली ओढ-दोरी
- सिलिंडरला बसणारा अडॅप्टर, प्रेशर गेज, थोडं सिलिकॉन ग्रीस
- बारीक टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, जाड कार्डाची टार्गेट
- वही, ओलं फडकं, साबण

छर्रे अडवणारा ट्रॅप आधी जागेवर ठेवा, मगच रायफल पेटीबाहेर काढा. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगानं निघाला तर त्यात साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. डोळा कायमचा जायला तेवढी पुरते. भिंत, लाकडी फळी, सरळ उभा लोखंडी पत्रा यांवर आदळून छर्रा किंवा त्याचा तुकडा उलट येऊ शकतो. ट्रॅपमधला पत्रा तिरका हवा, म्हणजे छर्रा आपटून खाली पेटीत जातो. नेमबाज आणि ट्रॅप यांच्या मधल्या पट्ट्यात उघडणारं एकही दार नसावं. असेलच तर ते आतून कडी लावून बंद करा. ‘आत्ता कुणी येणार नाही’ हे गृहीत धरू नका.

१. रायफल रिकामी आहे, हे डोळ्यांनी पाहणं

नळी ट्रॅपकडे धरा. बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर ठेवा. लोडिंगची खटकी पूर्ण उघडा आणि छर्रा ठेवायच्या जागेत टॉर्च मारून पाहा. मग सेफ्टी फ्लॅग ब्रीचमधून (बॅरलचं मागचं टोक, जिथे छर्रा भरतात) घालून तोंडाच्या टोकाशी बाहेर निघेपर्यंत सरकवा.

फ्लॅग दुसऱ्या टोकाला दिसला तरच बॅरल मोकळी आहे. फ्लॅग अर्ध्यात अडला तर आत छर्रा किंवा आधीच्या सफाईत राहिलेली फेल्टची गोळी आहे. ती अडचण निघेपर्यंत पुढची कुठलीही पायरी करू नका.

अडकलेल्या छऱ्यामागे दुसरा छर्रा मारून तो बाहेर काढायचा प्रयत्न ही सर्वांत वाईट सवय. दोन्ही अडकतात, आणि तोंडाकडे वाकून बघण्याचा मोह होतो तो वेगळाच. खटकी उघडीच ठेवा, सिलिंडर काढा, आवरण असलेल्या सळीनं छर्रा तोंडाच्या बाजूनं ब्रीचकडे ढकला. सळी ढकलताना तळहात नळीच्या सरळ रेषेत येऊ देऊ नका, बाजूनं धरा. सळी पूर्ण बाहेर निघेपर्यंत खटकी बंद करायची नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि रायफल दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

२. सिलिंडर काढणं आणि आत उरलेली हवा सोडणं

सिलिंडर हातानं फिरवून काढा. पाना, पक्कड काहीही वापरू नका. फिरताना थोडी हवा सुटल्याचा आवाज येणं ठीक आहे.

सावधान: सिलिंडर निघाला म्हणजे रायफल निकामी झाली असं नाही. सिलिंडर आणि बॅरल यांच्या मधल्या भागात, रेग्युलेटरच्या (हवेचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) पलीकडे, एक-दोन शॉट जातील इतकी हवा शिल्लक असते. ‘सिलिंडर तर काढलाय’ या भरवशावर ट्रिगर दाबणारे अनेक जण आहेत. फ्लॅग काढा, ब्रीच पुन्हा पाहा, नळी ट्रॅपकडे धरून छर्रा न घालता खटकी लावा आणि ट्रिगर दाबा. हवेचा फटका ऐकू येईनासा होऊन नुसता टिक आवाज राहिला की थांबा. खटकी उघडा.

आता रायफल खऱ्या अर्थानं मोकळी झाली. सफाई याच अवस्थेत करायची.

३. बॅरलची सफाई

बॅरल किती शॉटनंतर साफ करावी याचं एकच उत्तर नाही. ५०० ते १००० शॉट हा अनेकांचा पल्ला असतो. मात्र ग्रुप उत्तम येत असेल तर केवळ तारीख आली म्हणून सफाई करू नका, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. कारण पुढे सहाव्या पायरीत येईल.

दिशा नेहमी ब्रीचकडून तोंडाकडे. ओढ-दोरी ब्रीचमधून घाला, तिच्यात फेल्ट अडकवा आणि एका दमात, मध्ये न थांबता तोंडाकडून ओढून घ्या. पहिली एक-दोन फेल्ट काळी येतील. पुढची राखाडी. रंग फारसा बदलेनासा झाला की पुरे. बॅरल आरशासारखी करायची नाही, आतला शिशाचा पातळ थर तसाच राहू द्यायचा असतो.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, तोंडाकडून उघडी लोखंडी सळी घालणं. बॅरलच्या तोंडाची कड म्हणजे छऱ्याला शेवटचा स्पर्श करणारी जागा. तिथे एका बाजूला ओरखडा पडला तर छऱ्यामागची हवा असमान सुटते आणि छर्रा डोलत जातो. ही कड एकदा खराब झाली की घरी नीट होत नाही.

दुसरी, बंदुकीसाठीची सफाईची रसायनं वापरणं. एअर रायफलीत दारू जळत नाही, त्यामुळे ती काजळी आणि तांब्याचा थर इथे नसतोच. ती रसायनं रबरी सील मात्र खातात. तेल लावायचंच असेल तर एअर रायफलीसाठीचं, एका फेल्टवर एकच थेंब, आणि त्यानंतर दोन-तीन कोरड्या फेल्ट.

तिसरी, कुठल्याही रायफलीत न बघता फेल्टच्या गोळ्या हवेनं उडवून सफाई करणं. भरलेल्या हवेच्या रायफलीत बरेच उत्पादक याला परवानगी देतात. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र नुसती फेल्ट उडवू नका. हलक्या फेल्टमुळे पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन सरळ पुढच्या भिंतीवर आपटतो.

तपासा: जितक्या फेल्ट आत गेल्या तितक्या बाहेर आल्या का, मोजा. ब्रीचकडून टॉर्च मारा आणि तोंडासमोर पांढरा कागद धरून त्यावर उजेडाचं गोल वर्तुळ पडतं का ते पाहा. तोंडाला डोळा लावून आत बघायची गरज कधीच नसते. फ्लॅग परत घाला.

४. सिलिंडर भरणं

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

भरण्याआधी. सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख आणि कमाल दाब वाचा. स्पर्धेच्या रायफलींचे बरेच सिलिंडर २०० बारचे (बार हे दाबाचं एकक) असतात, काही ३०० बारचे. बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर वरून नवा दिसत असला तरी भरायचा नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही मुदतीच्या आतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नेमबाजावरच टाकलेली आहे. खोल ओरखडा, पोचा, रंग खरवडून परत दिल्याची खूण, वाकलेलं गेज यांपैकी काहीही दिसलं तर तो सिलिंडर बाजूला ठेवा.

आत काय भरायचं. स्वच्छ, कोरडी हवा. बस्स. ऑक्सिजन कधीही नाही: उंच दाबाचा ऑक्सिजन तेला-ग्रीसच्या अंशाला लागला की स्फोट होऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडही नाही: तो सिलिंडरात द्रवरूपात राहतो, त्याचा दाब तापमानानुसार बदलतो आणि हवेसाठी बनवलेल्या सिलिंडर-रेग्युलेटरला तो चालत नाही. वेल्डिंगच्या दुकानातली टाकी ‘दाब सारखाच आहे’ म्हणून जोडणं हा जिवाशी खेळ आहे.

आटे आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी). दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसा. ओ-रिंगवर चिर नाही ना ते पाहा. सिलिकॉन ग्रीसचा बोटाला जेमतेम जाणवेल इतकाच थर द्या. शिवणयंत्राचं तेल, गाडीचं तेल, गंज सोडवणारे स्प्रे यांपैकी काहीही या आट्यांजवळ येता कामा नये. हवा जोरात दाबली जाते तेव्हा ती तापते, आणि तापलेल्या दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

दाबाच्या हवेच्या मोठ्या टाकीवरून भरताना क्रम असा:

अडॅप्टर टाकीवर हातानं घट्ट बसवा. मग त्यावर रायफलीचा सिलिंडर लावा. अडॅप्टरचा हवा सोडण्याचा स्क्रू बंद करा. टाकीची चावी अगदी थोडी उघडा, हवेचा आवाज येऊ लागला की तिथेच थांबा. गेजची सुई सरकताना डोळ्यांनी सहज दिसायला हवी. रिकामा सिलिंडर पूर्ण भरायला निदान एक-दोन मिनिटं लागू द्या. हव्या त्या दाबावर पोचलात की आधी टाकीची चावी बंद, मग हवा सोडण्याचा स्क्रू उघडा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, आणि शेवटी सिलिंडर फिरवून काढा.

सिलिंडर फिरत नसेल तर त्याचा अर्थ अडॅप्टरमध्ये अजून दाब आहे. पाना आणू नका. चावी खरंच बंद आहे का पाहा आणि हवा पुन्हा सोडा.

सावधान: मोठी टाकी ३०० बारची आणि तुमचा सिलिंडर २०० बारचा असेल तर मध्ये तुम्हाला थांबवणारं काहीच नाही. टाकीतली हवा २०० वर स्वतःहून थांबत नाही. हात चावीवर आणि नजर सुईवर हवी, त्या वेळी फोन उचलायचा नाही. उलट, ३०० बारच्या वॉल्व्हमध्ये २०० बारचा अडॅप्टर बसतोय पण गळतोय अशी तक्रार येते. त्याचे आटे आखूडच असतात, तो तिथे सील होऊ नये म्हणूनच. ग्रीस किंवा टेप लावून तो ‘बसवू’ नका, योग्य अडॅप्टर घ्या.

भराभर भरलेल्या सिलिंडरचा एक फसवा परिणाम असतो. दाबली गेल्यानं हवा तापते, सुई २०० दाखवते, आणि अर्ध्या तासानं सिलिंडर गार झाला की ती खाली आलेली दिसते. मग गळती आहे असं समजून लोक सील उघडत बसतात. हीच गोष्ट उलट्या दिशेनंही घडते: २० अंशांवर २०० बारला भरलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ५० अंशांवर गेला तर आतला दाब २२० बारच्या आसपास पोचतो. म्हणून सिलिंडर काठोकाठ भरून गाडीत सोडू नका.

हातपंपानं भरताना वैरी एकच, ओलावा. हवेतली वाफ दाबाखाली पाणी होऊन सिलिंडरात आणि पुढे रेग्युलेटरमध्ये जाते. दर ५० बारच्या आसपास थांबा, पंपाची हवा सोडण्याचा स्क्रू उघडून साचलेलं पाणी बाहेर फेकू द्या, पंप गार होऊ द्या. गरम पंपावर दामटत राहिलात तर सीलही जातात. पावसाळी दमट दिवशी पंप शक्यतो टाळा.

५. गळती आहे की नाही

सिलिंडर गार झाल्यावर गेजवरचा आकडा आणि वेळ वहीत लिहा. रात्रभर तसाच, रायफलीला न जोडता ठेवा. सकाळी, साधारण तितक्याच तापमानात, आकडा पुन्हा पाहा. तोच असेल तर सिलिंडर ठीक. मग तो रायफलीला लावून पुन्हा एक रात्र ठेवा. आता आकडा उतरला तर गळती रायफलीच्या बाजूला आहे. इतक्या साध्या दोन रात्रींच्या चाचणीनं निम्मी दुरुस्ती वाचते.

वॉल्व्हवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहता येतात, नंतर जागा कोरडी पुसा. गेज किंवा वॉल्व्ह स्वतः खोलू नका. दाबाखालचा भाग उघडणं घरचं काम नाही.

सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवायची सवयही सोडा. थोडा दाब आत असला की सील जागेवर राहतात आणि ओलावा आत शिरत नाही. नेमबाजी करताना गेजचा हिरवा पट्टा संपत आला की भरा. त्याखाली रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळत नाही, छऱ्याचा वेग शॉटगणिक घटतो आणि ग्रुप उभा लांबायला लागतो. ग्रुप उभाच पसरला असेल तर साइटला हात लावण्याआधी गेज पाहा.

६. बॅरल बसवून घेणं

साफ केलेल्या बॅरलमधले पहिले शॉट मोजायचे नसतात. आत शिशाचा पातळ, एकसारखा थर पुन्हा तयार होईपर्यंत छर्रे इकडेतिकडे जातात. १०-२० शॉट त्यासाठी द्या, कोरी टार्गेट लावूनच मारा, पण साइट फिरवू नका. स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई नको म्हटलं ते यासाठीच: सकाळच्या सरावातले मोजके शॉट बॅरल बसवण्यातच जातात, आणि घाईत साइट फिरवली की मग दिवसभर तिच्यामागे धावावं लागतं.

छऱ्यांची बॅच बदलल्यावरही पहिले दहाएक शॉट असेच सोडून द्या.

७. छर्रे पाहणं आणि बॅच निवडणं

स्पर्धेच्या छऱ्याचं तोंड सपाट, कंबर बारीक आणि मागचा घेर पातळ असतो. रायफलीसाठीचे बरेच छर्रे ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतात. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी, आणि बॅच क्रमांक. दोन्ही आकडे वहीत उतरवा. ब्रँड तोच, व्यास तोच, पण बॅच वेगळी, तर तुमच्या बॅरलसाठी ते वेगळे छर्रे आहेत असंच धरा. एकाच्या रायफलीला चालणारी बॅच दुसऱ्याच्या रायफलीला नापसंत असू शकते, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून दहा डबे घेऊ नका.

छर्रे डब्यातून ओतू नका, एक एक उचला. मागचा घेर इतका मऊ असतो की डबा पडला तरी कडा चेपतात. चेपलेला, शिशाची कुसळं असलेला, कडा फाटलेला छर्रा सरावालाही वापरू नका, वेगळ्या डबीत टाका. वजन करून निवडायचं असेल तर हरकत नाही, पण जितका वेळ जाईल त्या मानानं फायदा थोडा. कडांची नीट पाहणी जास्त उपयोगी.

चाचणीची रीत अशी. रायफल पक्क्या आधारावर, शक्य असेल तर शिकंज्यात. अंतर १० मीटर. टार्गेट जाड कार्डाचं, पातळ कागद फाटून भोक मोठं दाखवतो. एका बॅचचे १० शॉट एका ठिपक्यावर, असे निदान तीन ग्रुप. तीन शॉटच्या सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नका. शॉट कमी असले की ग्रुप आपोआप लहान दिसतो, म्हणून तुलना नेहमी सारख्याच संख्येच्या ग्रुपांची करा. सगळ्या बॅच एकाच दिवशी, सिलिंडर हिरव्या पट्ट्यात असताना तपासा.

माप घेताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा कॅलिपरनं मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. ७.५ मिमी आलं तर केंद्रापासून केंद्रापर्यंतचा ग्रुप ३ मिमी. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर १०चा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो आणि त्याला छऱ्याची कड लागली तरी १० मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. दशांश गुणांत प्रत्येक ०.१ गुणाला ०.२५ मिमी जागा आहे. ग्रुप अर्धा मिलिमीटर घटला तर काय मिळतं ते यावरून कळेल.

छर्रा भरतानाच्या दोन चुका गंभीर आहेत. एक, छर्रा उलटा बसवणं. घाईत होतं, आणि तो शॉट वाया जातो. दुसरी, मध्येच कुणी हाक मारल्यावर भरलेला छर्रा विसरून दुसरा भरणं. दोन छर्रे एकामागे एक बॅरलमध्ये अडकू शकतात. म्हणून नियम ठेवा: छर्रा भरल्यावर व्यत्यय आला तर नळी ट्रॅपकडेच ठेवून तो शॉट ट्रॅपमध्ये सोडा, मग खटकी उघडा, फ्लॅग घाला, आणि नंतर मान वळवा. छर्रे ओठांत धरून भरणाऱ्यांनी ती सवय आजच मोडावी. छर्रा शिशाचा आहे.

८. शिसं आणि आवराआवर

ट्रॅपमध्ये चुरलेल्या शिशाची बारीक धूळ साचते. झाडूनं झाडली की ती हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. ओलं फडकं वापरा, नंतर ते फडकं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. वापरलेले छर्रे झाकणाच्या डब्यात साठवा आणि भंगारात द्या, कचऱ्यात नको. सराव चालू असताना खाणं-पिणं नाही. शेवटी साबणानं हात, मनगटं आणि चेहरा धुवा, कपडे बदला. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर ट्रॅप राहत्या खोलीत ठेवूच नका. लहान मुलांच्या शरीरात शिसं लवकर शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं.

रायफल पेटीत ठेवताना खटकीची अवस्था पुस्तिकेप्रमाणे, फ्लॅग आत, सिलिंडर सावलीत. छर्रे आणि रायफल वेगवेगळ्या कुलपात. एअर रायफल बाळगण्याचे आणि घरी चालवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्या इथे परवाना किंवा नोंदणी लागते का, ते ट्रॅप लावण्याआधी विचारून घ्या.

वहीत त्या दिवसाची नोंद करा: एकूण शॉट, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, छऱ्यांची बॅच, सफाई केली की नाही. पुढच्या वेळी ग्रुप पसरला तर स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या आधी ही वही उघडा.